दर्शनाला नाही, फिरायला

आमच्या कॉलनीतल्या बायकांची दरवर्षी संक्रांत झाली की एक सहल निघते. सक्करदऱ्याच्या तलावाजवळून मिनीबस सुटते, सकाळी जाऊन संध्याकाळी परत. कुठे जायचं हे ठरवायचं काम बरीच वर्षं माझ्याकडे होतं, कारण जुन्या जागा बघत हिंडायचं वेड आमच्या घरात होतं आणि ते सगळ्यांना माहीत होतं. त्या वर्षी मात्र सहल ठरली, बस ठरली, डब्यात कोण काय आणणार तेही ठरलं, आणि मला ते कळलं दूधवाल्याकडून.

माझा नवरा गणपतीच्या आधी गेला होता. मिहानमधल्या एका कारखान्यात तो विजेचं काम बघायचा. दुपारी जेवून उठला, छातीत दुखतंय म्हणाला, आणि दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. मुलगी पुण्याला शिकते, ती आली, राहिली, परीक्षा होती म्हणून परत गेली. घरात मी आणि माझ्या सासूबाई अशा दोघीच उरलो. मी सदरमधल्या एका चष्म्याच्या दुकानात काम करते. तेरवी झाल्यावर थोड्याच दिवसांत कामावर गेले, त्याला कोणी काही म्हटलं नाही. बाईनं पोटासाठी बाहेर पडलं तर चालतं, हे मला तेव्हा कळलं.

सहल काढणारी बाई मागच्या गल्लीत राहते. मी संध्याकाळी सरळ तिच्या दारात जाऊन उभी राहिले. ती गोंधळली. पदर सारखा करत म्हणाली, "अवं, तुमाले कसं विचारावं असं झालं. वर्ष तरी होऊ द्या. पुढच्या वर्षी पयलं नाव तुमचं."

"मले विचारलं असतं तर मीच सांगितलं असतं ना, येनं जमन का नाही ते."

"तसं नाही हो. बाकीच्या बाया नटून येतात, गानी म्हनतात, हसतात. तुमच्यासमोर त्याईले अवघड होईन."

म्हणजे अवघड मला होणार नव्हतं, त्यांना होणार होतं. माझं दुःख मी घरात झाकून ठेवायचं, म्हणजे त्यांच्या सहलीला त्याची बाधा नको. मी निघाले तेव्हा तिनं हातात तिळाचे लाडू ठेवले. ते मी घेतले. लाडवांशी माझं भांडण नव्हतं.

गल्ली वळेपर्यंत माझं ठरलं होतं. त्यांची बस रविवारी मनसरला जाऊन पुढे खिंडसीच्या तलावावर जाणार होती. मीही त्याच रविवारी त्याच रस्त्यानं जाणार. मुद्दाम. आणि त्यांच्या बसमध्ये जागा मागून नाही, आमच्या गाडीनं.

घरी आले तेव्हा सासूबाई ओट्याशी बसून तुरीच्या हिरव्या शेंगा सोलत होत्या. त्या मूळच्या उमरेडकडच्या. सासरे गेले तेव्हा त्यांची दोन्ही मुलं शाळेत होती. शेती त्यांनी स्वतःच्या हातानं केली, मुलं शिकवली, आणि गुडघ्यांनी साथ सोडली तेव्हा आमच्याकडे राहायला आल्या. कमी बोलणारी बाई. मुलगा गेल्यावर तर दिवसदिवस त्यांचा आवाज ऐकू यायचा नाही.

मी म्हणाले, "आई, रविवारी मी बाहेर चालली. मनसर, नगरधनचा किल्ला."

"कोनासंगं?"

"एकटीच. गाडी घेऊन."

त्यांनी शेंग सोलली, दाणे वाटीत टाकले. मग विचारलं, "दर्शनाले काय?"

"नाही. फिराले."

हा शब्द मी मोठ्यानं उच्चारला तेव्हा माझ्याच कानाला तो कसासाच लागला, जणू काही मी शिवी दिली. सासूबाईंनी आणखी दोन-चार शेंगा सोलल्या. मी वाट बघत उभी होते की आता त्या काही बोलतील, आणि काय उत्तर द्यायचं ते मनात जुळवत होते.

"मले बी नेजो," त्या म्हणाल्या.

शनिवारी मोठे दीर आले. सासूबाईंनी माझ्या फोनवरून मोठ्या जाऊबाईंना सांगितलं होतं, तिथून त्यांना कळलं. त्यांचं नंदनवनला हार्डवेअरचं दुकान आहे. माणूस वाईट नाही, हे मला आधीच सांगायला हवं. भाऊ गेला त्या दिवशी दवाखान्यातले कागद, गाडी, घाट, सगळं त्यांनीच केलं, आणि सगळे झोपल्यावर गच्चीवर जाऊन रडत होते ते मी ऐकलं होतं. पण आमच्या घरात जुनी रीत अशी की मोठा दीर धाकट्या भावजयीशी थेट बोलत नाही. ते आईकडे तोंड करून बसले आणि मला ऐकवायचं ते त्यांना सांगू लागले.

"आई, लोक काय म्हनतीन, विचार केला का? अजून वर्ष नाही झालं त्याले."

सासूबाईंनी पाण्याचा तांब्या त्यांच्यापुढे सरकवला.

"मी जाऊ नका म्हनत नाही. रामटेकले दर्शनाले जा. मीच नेतो तुमाले दोघीले. गडावर चढा, पूजा करा. येता-जाता मनसर लागते, पाहून घ्या. कोनी विचारलं तर दर्शनाले गेलो होतो असं सांगता येते."

बोलणं सोयीचं होतं. मला हो म्हणता आलं असतं. तीच टेकडी, तेच ऊन, तोच रस्ता, आणि वर कोणाचं बोलणं नाही. पण मला ते गिळवेना. मी स्वयंपाकघराच्या दारातून पुढे आले आणि पहिल्यांदाच त्यांच्याकडे बघून बोलले.

"भाऊजी, देवाले मधात काहून आनता? मले फिराले जाचं हाय. देवाच्या नावानं फिरून येनं मले जमनार नाही."

ते भिंतीकडे बघत राहिले. मग जरा नरम आवाजात, तरीही आईलाच, म्हणाले, "त्याची इच्छा राहिली होती का काही? नगरधन पाह्यचं राहिलं होतं म्हने त्याचं. त्याच्यासाठी चाल्ली असन तर मी समजू शकतो. लोकाईलेही समजावून सांगता येईन."

हे खरं होतं. आम्ही दोघं दर थोड्या दिवसांनी रविवारी गाडी काढून निघायचो. तो काही फार वाचणारा नव्हता. कोणत्या राजानं काय बांधलं हे त्याच्या लक्षात राहायचं नाही. त्याला जुन्या भिंतीच्या सावलीत बसून चिवडा खायला आवडायचं, आणि तसं बसलं की तो घरी कधी बोलायचा नाही असं काहीबाही बोलायचा. मनसरला आम्ही गेलो होतो, खिंडसीला गेलो होतो. नगरधनच्या फाट्यावरून दर वेळी उशीर झाला म्हणून मागे फिरलो होतो.

म्हणजे हीही पळवाट तयार होती. मेलेल्या नवऱ्याची अपुरी इच्छा म्हटलं की बाईला गडावर जाता येतं, समुद्रावर जाता येतं, कुठेही जाता येतं. आणि ते अर्धं खरंही होतं. पण माझं अर्धं वेगळं होतं. गणपतीपासून मी दुकान आणि घर, घर आणि दुकान एवढंच बघत होते. घरी आले की भेटायला आलेल्या बायकांसमोर मान खाली घालून बसत होते. मला लांबवर बघायचं होतं. मला, जिवंत असलेल्या बाईला.

मी म्हणाले, "त्याईची नाही. माझी इच्छा हाय."

मग दिरांनी हात पुढे केला. "गाडीची चाबी दे म्हन तिले. हायवेवर कधी चालवली का तिनं? सदरपर्यंत जानं वेगळं. आई, तू बसशीन तिच्या बाजूनं? काही झालं तर?"

किल्ली दाराजवळच्या खिळ्याला होती. गाडी उभी राहून खराब होते, मीच घेऊन जातो, असं ते आधीही एकदा म्हणाले होते. मी जाऊन ती किल्ली काढली आणि मुठीत धरून उभी राहिले. मूठ सोडली नाही.

सासूबाई त्यांना म्हणाल्या, "तू जाय आता घरी. जेवाचा टाइम झाला."

रविवारी सकाळी चांगलंच धुकं होतं. मी पिवळा पंजाबी ड्रेस घातला, कारण तो मला आवडतो. पुऱ्या, आलूची कोरडी भाजी, ठेचा आणि पिशवीभर संत्री घेतली. सासूबाई पुढच्या सीटवर बसल्या, काठी दोन्ही गुडघ्यांच्या मधे धरली, आणि पट्टा लावताना म्हणाल्या, "हे काय गळ्याले?" मी सांगितलं, सरकार लावायला लावते. "मंग लाव," म्हणाल्या.

कामठी रोड लागेपर्यंत ठीक होतं. सकाळची वेळ, रस्ते मोकळे. कन्हानच्या पुलावर मात्र पुढचा ट्रक अचानक थांबला, मी ब्रेक मारला आणि गाडी बंद पडली. चालू केली, परत बंद पडली. मागे ट्रकांची रांग लागली आणि सगळे मिळून हॉर्न वाजवायला लागले. नवरा बाजूला बसलेला असताना असं झालं की तो शांतपणे म्हणायचा, क्लच दाब पूर्ण. आता बाजूला कोणी सांगणारं नव्हतं. मला वाटलं, दीर म्हणत होते तेच खरं.

तेवढ्यात सासूबाईंनी काच खाली केली, डोकं बाहेर काढलं आणि मागच्या ट्रकवाल्याला ओरडल्या, "काहून बोंबलून राहिला गा? उडून जाऊ का आमी?"

मी त्यांचा तो आवाज कधी ऐकला नव्हता. शेतातल्या गड्यांना हाक मारायचा आवाज असणार तो. ट्रकवाला सरदार होता, त्याला काय समजलं कोणास ठाऊक, पण तो हसला, हॉर्न थांबवला आणि हातानं मागच्यांनाही थांबा म्हणून खूण केली. मी क्लच पूर्ण दाबला. गाडी चालू झाली. पूल ओलांडल्यावर एका टपरीसमोर गाडी लावली आणि आम्ही दोघींनी रस्त्याच्या कडेला उभं राहून चण्याच्या झणझणीत रश्शाचे तर्री पोहे खाल्ले. सासूबाईंनी तर्री परत मागून घेतली. नाकातून पाणी येत होतं, पण थांबल्या नाहीत.

मनसरला पोचलो तर कॉलनीची मिनीबस आधीच उभी होती.

मनसरची टेकडी म्हणजे विटांचा पसारा आहे. ओट्यांवर ओटे, पायऱ्या, चौकोनी खोल्यांच्या बुडाशी उरलेल्या भिंती. कोणी म्हणतं इथं राजवाडा होता, कोणी म्हणतं देऊळ, कोणी म्हणतं बौद्ध भिक्खूंचा विहार. जाणकारांचं त्यावर एकमत नाही आणि माझं तर काहीच मत नाही. मला तिथं चढलं की येणारा वारा आवडतो. मी सासूबाईंना म्हणाले, तुम्ही झाडाखाली बसा, मी पाहून येते.

"वर काय हाय ते खाली बसून कसं दिसन?" त्या म्हणाल्या आणि काठी टेकत निघाल्या.

पायरी चढायची, थांबायचं, श्वास घ्यायचा, परत चढायचं. मी दंड धरला तर त्यांनी झटकला. मधेच विटेवर हात फिरवून म्हणाल्या, "केवढी मोठी वीट हाय वं. एका बाईच्यानं उचलत नसन." त्या वर पोचल्या तेव्हा ओठ पांढरे पडले होते, पण डोळे असे चमकत होते की मी बघत राहिले.

वरच्या ओट्यावर बायकांनी सतरंज्या टाकल्या होत्या. टाळ्या वाजवत गाण्याच्या भेंड्या चालल्या होत्या. आम्हाला बघितलं आणि गाणं अर्ध्यात तुटलं. कोणी पदर सावरला, कोणी उगीच पिशवीत हात घातला. माझ्या पिवळ्या ड्रेसवर सगळ्यांची नजर गेली. सहल काढणारी बाई उठून पुढे आली. तिचा चेहरा खरोखर कावराबावरा झाला होता.

"अरे वा, तुम्हीही आल्या? रामटेकले दर्शनाले निघाल्या असान ना?"

ती मला हात देत होती, हे मला समजत होतं. मी नुसतं हं म्हटलं असतं तर सगळ्या सुटल्या असत्या.

"नाही," मी म्हणाले, "फिराले आलो."

मागून एक वयस्क बाई हळूच पण ऐकू येईल असं म्हणाली, "काय बाप्पा जमाना आला."

माझ्या ओठांवर उत्तर आलं होतं. ते चांगलं नव्हतं. पण सासूबाई तोवर सतरंजीच्या कडेला टेकल्या होत्या. म्हणाल्या, "काहून थांबल्या वं? म्हना ना गानं. मले अजून ऐकू येते."

कोणी म्हणेना. वारा सुटला होता, खाली हायवेवरून ट्रक जात होते. सासूबाईंनी थोडी वाट बघितली आणि मग स्वतःच सुरू केलं. शेतातलं तण काढताना, निंदणाच्या वेळी बायका म्हणतात तसलं, त्यांच्या गावाकडचं काहीतरी. इतकी वर्षं एका घरात राहून मी त्यांना गाताना ऐकलं नव्हतं. आवाज चिरका होता, सूर कुठल्या कुठे जात होता. एका बाईनं दोन टाळ्या वाजवल्या, मग आजूबाजूला बघून हात खाली घेतले. पहिली ओळ झाली, दुसरी झाली, तिसरीला सासूबाई अडल्या. आठवायला डोळे मिटले. परत पहिलीपासून म्हणून बघितलं, परत तिथंच अडल्या.

"गेलं वं," त्या म्हणाल्या. "सारं पीक निंदून झालं अन् घरी येन्याचा रस्ताच भुलली."

आणि मला हसू आलं. साधं नाही, पोटातून, थांबता न येणारं. मी विटांच्या ओट्यावर बसून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. सासूबाईही हसायला लागल्या. बाकीच्या बायका बघत होत्या. दोघी-तिघींच्या चेहऱ्यावर हसू येऊ घातलं होतं, ते त्यांनी परतवलं. एकीच्या हातातला मोबाइल आमच्याकडे वळलेला होता, हे मी बघितलं. मी हसणं थांबवलं नाही.

तिथून नगरधन जवळ आहे. गाव ओलांडलं की शेतांच्या मधे किल्ल्याचा दरवाजा एकदम समोर उभा राहतो, उंच, जाड, दोन्ही बाजूंना बुरूज. आम्ही गाडीतून उतरत होतो तेवढ्यात फोन वाजला. दीर होते. सासूबाईंकडे स्वतःचा फोन नसतो, म्हणून रीत मोडून त्यांनी मला लावला होता.

"कोठी हाये तुमी?" ते म्हणाले. "व्हिडिओ आला माझ्याकडे. हसून राहिल्या म्हने तिथं मोठ्यानं. सारी कॉलनी पाहून राहिली."

मी काही बोलायच्या आत सासूबाईंनी हात पुढे केला. मी फोन दिला. त्यांनी तो कानापासून थोडा लांब धरला, जसा त्या नेहमी धरतात, त्यामुळे दोन्हीकडचं मला ऐकू येत होतं.

"हो, हसली ती. मी बी हसली. कोनाचं काय गेलं त्याच्यात?"

"आई, तसं नाही. रामटेक समोरच हाय तुमच्या. आता गेल्याच हाय तर वर जाऊन हात जोडून या. म्हंजे मले सांगाले बरं."

सासूबाईंनी मान वर करून बघितलं. खरंच समोर लांबवर रामटेकचा डोंगर दिसत होता आणि त्यावरची पांढरी देवळं उन्हात लखलखत होती. ह्या बाईनं आयुष्यात तो गड किती वेळा चढला असेल. त्यांच्या देव्हाऱ्यात रामाची तसबीर आहे, रोज सकाळी त्या तिच्यासमोर बसतात. त्या इतका वेळ तिकडे बघत राहिल्या की मला वाटलं, आता म्हणणार, चल पोरी.

"आज नाही," त्या फोनमध्ये म्हणाल्या. "आज मी देवाच्या नावानं निघालीच नाही घरातून. खोटं बोलून त्याच्या पायरीवर कशी जाऊ?"

"अवं पन आई..."

"ऐक गा. तुहा बाप गेला तवा तू चौथीत होता. तवापासून देवाच्या नावाशिवाय मी वेशीबाहेर पाय नाही टाकला. कोनी मले म्हटलं नाही का चाल, जरा फिरून येऊ. मी बी कधी म्हटलं नाही. वाटे, असंच असते. आता म्हनून राहिली. तू सांग लोकाईले, माही माय फिराले गेली."

फोन त्यांनी माझ्याकडे दिला. पलीकडून तो अजून ठेवलेला नव्हता. मी म्हणाले, "भाऊजी, संध्याकाळी घरी पोचलो का फोन करतो." आणि बंद केला.

किल्ल्यात फारसं कोणी नव्हतं. आत मोकळं मैदान, कडेनं तटबंदी, आणि एका बाजूला खोल बावडी. तिच्या पायऱ्या खाली अंधारात जातात आणि तिथं देवीचं ठाणं आहे. बावडीच्या तोंडाशी उभं राहिलं की पायाला गारवा लागतो. सासूबाईंनी वरूनच खाली डोकावून बघितलं आणि सावलीत जाऊन बसल्या. मी तटावर चढले.

आताचा किल्ला भोसल्यांच्या वेळचा सांगतात आणि त्याच्याखाली त्याहून कितीतरी जुनी राजधानी गाडलेली आहे म्हणतात. वरून बघितलं तर चारी बाजूंना शेतं. तूर कापणीला आलेली, हरभरा हिरवागार, मधेच पाण्याची चमक. मला वाटलं होतं की इथं मला रडू येईल. त्याचं बघायचं राहिलेलं ठिकाण, तो नाही, मी आहे, सगळं जुळून आलं होतं. मी तयार होऊन उभी राहिले. रडू काही आलं नाही. थोडा रागच आला, की एवढ्या जवळ होतं हे आणि दर वेळी उशीर झाला म्हणून मागे काय फिरत होतो आपण. आणि मग चांगली भूक लागली.

खाली येऊन डबा उघडला. सासूबाईंनी पाच पुऱ्या खाल्ल्या असतील. संत्र्याची सालं पदरात गोळा करत म्हणाल्या, "तो फोटो काढतात ना, तसा काढ आपला."

दरवाज्यात उभं राहून मी हात लांब करून फोटो काढला. त्यात माझं कपाळ अर्धं कापलं गेलं आणि सासूबाई कुठे बघायचं हे न कळून आकाशाकडे बघत होत्या.

"आता टाक त्या आपल्या ग्रूपवर. सारे सोयरे हायेत ना त्यात?"

"आई, नक्की?"

"टाक. अन् खाली लिही, आमी नगरधनले फिराले आलो."

मी तसंच्या तसं लिहून टाकलं. बराच वेळ कोणी काही उत्तर दिलं नाही. मग मुलीचा पुण्याहून एक मोठ्ठा लाल बदाम आला, आणि पाठोपाठ तिचा फोन. ती नुसती रडत होती, आणि रडता रडता म्हणत होती, आई, तू हायवेवर गाडी चालवलीस?

अंधार पडायच्या आत घरी पोचलो. कॉलनीच्या फाटकात वळताना मी गाडीची डावी बाजू खांबाला घासली, दारावर लांब ओरखडा आला. तो ओरखडा अजून आहे.

पुढे सगळं गोड झालं असं काही नाही. दीर बरेच दिवस आमच्याकडे आले नाहीत. घासलेल्या गाडीबद्दल त्यांना कुठून तरी कळलं आणि बघा, मी म्हटलं होतं, असं ते सगळ्यांना सांगत होते. कॉलनीतल्या काही बायका समोरून आल्या की रस्त्याच्या पलीकडे जायच्या. एका लांबच्या चुलत सासूनं तर माझ्या फोनवर सासूबाईंना सांगितलं की सुनेनं तुम्हाला बिघडवलं. सासूबाई म्हणाल्या, या वयात बिघडता येते हे मले माहीत नव्हतं. दुकानातल्या मालकिणीनं मात्र तो फोटो बघितला आणि फक्त एवढंच विचारलं की नगरधनला जायला रस्ता चांगला आहे का. मी सांगितलं, चांगला आहे. पुढच्याच आठवड्यात ती तिच्या बहिणीला घेऊन जाऊन आली.

मग एका दुपारी मोठ्या जाऊबाई आल्या. एकट्या कधी येत नाहीत त्या. चहा झाला, इकडचं-तिकडचं झालं. ओट्याला टेकून उभ्या होत्या. आमच्या लग्नाच्या आधीपासून दिरांच्या मोठ्या घराचा सगळा स्वयंपाक त्या एकट्या करतात. दुकानातली माणसंही त्यांच्याकडेच जेवतात.

"आता पुढच्या खेपेले कोठी चाल्ल्या?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं, काटोल रस्त्याला जुनापाणीजवळ दगडांची वर्तुळं आहेत, फार जुनी, गोल मांडलेले मोठे मोठे दगड. लोक म्हणतात ती माणसं पुरलेली जागा आहे.

"मेलेल्याईची जागा?"

"हो. काही हजार वर्षांपूर्वीच्या."

त्यांनी कप विसळून पालथा घातला. "मी येऊ का?"

"भाऊजीले काय सांगान?"

"सांगीन, फिराले चालली," त्या म्हणाल्या, आणि आपण काय बोललो ते ऐकून स्वतःच दचकल्या.

त्यांनी घरी काय सांगितलं आणि त्यावर काय झालं, ते मी विचारलं नाही. ठरलेल्या दिवशी त्या कोपऱ्यावर येऊन उभ्या होत्या, हातात पिशवी आणि पिशवीत सगळ्यांना पुरेल असा मसालेभात. जुनापाणीला माळरानावर दगडांची ती वर्तुळं झुडपांमधे पसरलेली आहेत. कुंपण आहे, पाटी आहे, बाकी कोणी नाही. सासूबाई काठीनं एकेक दगड ठोकून बघत फिरल्या. जाऊबाई चपला काढून एका वर्तुळाभोवती चालून आल्या. मग जेवण झालं आणि मी बाभळीच्या सावलीत सतरंजी टाकली.

जाऊबाई जरा आडव्या झाल्या. पाठ टेकते म्हणाल्या. बोलता बोलता त्यांचं बोलणं थांबलं आणि त्या गाढ झोपल्या, तोंड थोडं उघडं, एक हात मातीत. दुपारचं झोपलेलं त्यांना मी कधी पाहिलं नव्हतं. त्यांच्या पिशवीत फोन वाजायला लागला. वाजून थांबला, परत वाजला. सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं, आपली शाल अंगावरून काढली आणि घडी करून त्या पिशवीवर ठेवली.